विठोबा नदीवर नाही : ‘विदर्भवासी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

विदर्भवासी, नमस्कार.

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारीत जाण्यावर मी जे लिहिलं त्यावर तुम्ही चांगलीच खरपूस प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. विल्डबीस्ट (आफ्रिकेतलं बैलासारखं दिसणारं मोठं हरीण) मारा नदी ओलांडतात ते सोडून फेब्रुवारीत जा म्हणणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघता परत येणं. एवढ्या पैशांत ताडोब्याच्या दहा सफारी होतात. जिथून मसाई या तिथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांना हाकललं तिथे उभं राहून निसर्गाचे गोडवे गायचे आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. आणि खर्चाचा विषय मी शिताफीने टाळला.

नदीपासूनच सुरुवात करते, कारण तिथे आपलं पटणार नाही.

तुमच्या उपमेतला विठोबा नदीवर आहे, हेच मला मान्य नाही. तेरा लाखांच्या आसपास विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत दोनेक लाख झेब्रे वर्षभर टांझानिया-केनियाच्या त्या पट्ट्यात फिरत असतात ते गवतापायी आणि पाण्यापायी. दक्षिणेला न्दुतूच्या बाजूची मैदानं ज्वालामुखीच्या राखेची आहेत. मातीचा थर उथळ आणि त्याखाली कडक पापुद्रा, त्यामुळे झाड सहसा रुजत नाही. पण पाऊस झाला की जे आखूड गवत उगवतं त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असतं, आणि पिल्लाला पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच लागतं. म्हणून जानेवारी ते मार्च कळप तिथे असतो आणि बहुतेक माद्या अवघ्या दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत वितात. तरस, सिंह, चित्ते सगळे टपलेले असतात, पण एकाच वेळी लाखो पिल्लं जन्मली तर खाऊन खाऊन किती खाणार? शिवाय पिल्लू काही मिनिटांतच पायांवर उभं राहतं आणि आईच्या मागे धावायला लागतं. पुढे मैदान सुकतं, पाणी आटतं आणि कळपाला निघावंच लागतं. उत्तरेला मारा बारमाही वाहते, म्हणून तिकडे. नदी ही त्यांच्या वाटेतली अडचण आहे, देऊळ नाही.

ती अडचण बघायला जाऊ नये असं मात्र मी कुठेही म्हटलेलं नाही. उलट नदीवर जे खरं मोठं घडतं ते कॅमेऱ्यात येतच नाही. दरवर्षी सरासरी सहा हजारांवर विल्डबीस्ट मारामध्ये बुडून मरतात. फोटोत नेहमी मगरीचा जबडा दिसतो, पण त्या मांसातलं अगदी थोडं मगरींच्या वाट्याला जातं. बाकीचं गिधाडं, मराबू करकोचे, मासे आणि किडे संपवतात. हाडं राहतात, ती वर्षानुवर्षं विरघळत राहतात आणि त्यांतला फॉस्फरस नदीला मिळत राहतो. हे बघायला कोण थांबतं? कळप पार झाला की गाड्या पुढच्या घाटाकडे पळतात.

आणि गाड्यांबद्दल बोलायचं तर जुलै ते ऑक्टोबर त्या काठावर काय चालतं ते सांगते. गाड्या तासन्‌तास झुडपांआड दबा धरून बसतात. पहिला विल्डबीस्ट पाण्यात उतरला की रेडिओवर गलका होतो आणि सगळ्या एकदम कडेला धाव घेतात, कधी कधी तर नेमकी कळपाला वर चढायची जी जागा तिथेच. माणसं गाडीतून खाली उतरून उभी राहिल्याचे व्हिडिओही आपण पाहिलेत. तुम्ही विदर्भातले आहात, तर २०२४च्या शेवटच्या दिवशी उमरेड-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांना जिप्सींनी दोन्ही बाजूंनी कोंडलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं आठवत असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. हे नुसतं बघायला वाईट दिसतं म्हणून मी तक्रार करत नाहीये. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात चित्त्यांवर अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांच्या गाड्या कमी, तिथे चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी दोनाहून जास्त पिल्लं मोठी झाली. जिथे गाड्यांचा सुळसुळाट, तिथे पाच वेतांमागे जेमतेम एक पिल्लू. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो तो सिंह आणि तरसांना टाळायला. नेमके त्याच वेळी आपण दुर्बिणी रोखून तिथे हजर असतो.

फेब्रुवारी तरी धुतल्या तांदळाचा आहे का? नाही. न्दुतूचा जो भाग सेरेंगेटीला लागून असलेल्या गोरोंगोरो या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत येतो तिथे रस्ता सोडून गाडी घालायला परवानगी आहे, आणि चित्ता दिसला की तिथेही त्याच्याभोवती गाड्यांचं रिंगण होतं. आमच्या ड्रायव्हरला आम्ही निघतानाच सांगितलं होतं की अशा रिंगणात शिरायचं नाही. त्याला ते विचित्र वाटलं, कारण पाहुणे नेमकं उलट सांगतात. एवढाच फरक की फेब्रुवारीत कळप अख्ख्या मैदानभर पसरलेला असतो, त्यामुळे गर्दी एका घाटावर जमत नाही.

आता मसाई. तो लेख गवतावर होता आणि मसाईंचा विषय शेवटच्या एका परिच्छेदात तोंडी लावण्यासारखा नाही. विचारलंत ते बरं केलंत.

१८९०च्या दशकात पूर्व आफ्रिकेत गुरांचा बुळकांड्या रोग पसरला. आशियातून आणलेल्या गुरांबरोबर तो उत्तरेकडून शिरला असं मानलं जातं. मसाईंची गुरं पटापट मेली, पाठोपाठ दुष्काळ आणि देवी आली, माणसंही गेली. चरणारी गुरं उरली नाहीत तशी कुरणांवर झुडपं माजली. युरोपीय लोक नंतर आले आणि त्यांना ही जमीन ‘निर्जन रान’ वाटली. १९५१ साली ब्रिटिशांच्या राज्यात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झालं. १९५९ साली गोरोंगोरो त्यातून वेगळं काढलं आणि सेरेंगेटीतल्या मसाईंना तिकडे हलवलं. गुरांसह तिथे राहता येईल असा शब्द त्या वेळी दिला होता. आज त्याच गोरोंगोरोतून त्यांना सुमारे ६०० किलोमीटर दूर म्सोमेरा गावी पाठवणं चालू आहे. सरकार त्याला ऐच्छिक म्हणतं, पण मागे राहिलेल्यांच्या सोयी तोडल्या जातात ही तिथल्यांची तक्रार आहे. २०२२च्या जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर जमिनीची हद्द आखताना पोलिसांशी संघर्ष झाला. ऑगस्ट २०२४मध्ये हजारो मसाई गोरोंगोरोतून जाणाऱ्या सेरेंगेटीच्या रस्त्यावर उतरले.

बुळकांड्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. हा रोग गुरांकडून विल्डबीस्टलाही व्हायचा. १९६०च्या दशकात गुरांचं लसीकरण झालं, रोग हटला आणि अडीच-तीन लाखांवर असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाअखेर तेरा लाखांवर गेले. ज्या गुरांना जंगलाचा शत्रू ठरवलं, त्यांच्याच लसीवर हा कळप उभा आहे. हे माहीत असताना ‘माणूस नको, गुरं नकोत’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग जावं की नाही? मी जाते. तुम्ही ताडोब्याला जाताच, आणि नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावं तिथून उठवली गेली म्हणून जाणं थांबवलेलं नाहीत. मला सोयीचा वाटलेला मार्ग केनियात आहे. मसाई मारा अभयारण्याच्या कडेला मसाई जमीनमालकांच्या खाजगी जमिनींवर नाबोइशो, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ अशी संरक्षित क्षेत्रं आहेत. कॅम्पवाले मालकांना जमिनीचं भाडं देतात आणि एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबू शकतात यावर मर्यादा असते. हाही काही आदर्श नमुना नाही. भाडं नावावर जमीन असणाऱ्याला मिळतं, ज्यांच्या नावावर नाही त्यांना, म्हणजे बहुतेक बायकांना, थेट काहीच नाही. तरी पैसा कुणाकडे जातो हे तिथे निदान विचारता येतं.

राहिला खर्च. सेरेंगेटीची गर्दीच्या हंगामातली प्रवेश फी परदेशी माणसाला दिवसाला ७० डॉलर आणि वर १८ टक्के व्हॅट. मसाई मारामध्ये जानेवारी ते जून १०० डॉलर, जुलैपासून डिसेंबरपर्यंत २००, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. म्हणजे तुमचा नदीचा हंगाम नुसत्या फाटकावरच दुप्पट महाग पडतो. गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवरात उतरायला दर गाडीमागे करासह २९५ डॉलर वेगळे. तेव्हा गाडीत दोघंच जाण्यापेक्षा सहा जण जमवा. आणि विवरात डबा उघडायचा तर गाडीत बसूनच. न्गोइतोकितोकच्या तळ्यापाशी घारी हातातली पोळी उचलतात. माझी उचलली, मेथीची होती.