आडवी आई आणि नाइट ड्रेसमधली मुलं

आम्ही मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतो, आणि आज त्यावरूनच डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आज सकाळी अकराला एका नातेवाईक बाईंचा व्हिडिओ कॉल. मी आडवी, मुलं अजून नाइट ड्रेसमध्ये, मागे हा पसारा. त्यांनी सगळं नीट न्याहाळलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "अगं झेपत नसेल तर शाळेत घाल की, हट्ट कशाला?" बरं नाही का गं तुला, असं नाही विचारलं, डायरेक्ट निकाल. आणि तो फक्त मला, नवरा शेजारीच बसला होता, त्याला काही नाही.

शाळेतल्या बाई आजारी पडल्या की काय होतं हो? ऑफ तास होतो. दुसऱ्या कुणीतरी बाई येतात, चित्र काढा म्हणतात, आवाज नकोय म्हणतात आणि स्वतः वह्या तपासत बसतात. तेव्हा कुणी म्हणतं का की शाळाच बंद करा? घरी मात्र आईचा एक आठवडा ढेपाळला की अख्खं होमस्कूलिंग नापास.

असे आठवडे येतातच. ताप नाही, खोकला नाही, नुसतं अंगात त्राण नसतं. कधी पाळीच्या आधी, कधी मुलांची आजारपणं काढल्यावर, कधी उगाच. मागच्या खेपेला मी अशीच जमिनीवर पडले होते आणि लेकीला खोली मोजायची होती, टेप काही सापडेना, मग तिने मलाच माप केलं. धाकट्याने माझ्या टाचेपाशी खडूने रेघ मारायची, मी पुढे सरकायचं, परत रेघ. खोली भरली अडीच आई आणि वर एक उशी. मग वाद सुरू, बाबाने मोजली तर आकडा वाढेल की कमी होईल? धाकटा म्हणे वाढणार, बाबा मोठा आहे ना! लेक म्हणे कमी. कितीतरी वेळ कचाकचा भांडत होते आणि मी डोळे मिटून ऐकत होते. माप मोठं घेतलं की आकडा लहान येतो हे मी एरवी वर्कशीट घेऊन शिकवायला बसले असते आणि दोघंही जांभया देत बसले असते.

आता तुम्ही म्हणाल रोज काही असं होत नाही. नाही होत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मनसोक्त कार्टून बघितली आणि मी बघू दिली. आणि पाढे मागे पडतात हेही खरं, बास, एवढंच कबूल करते.

पण अशा आठवड्यात मी करते काय तर पडल्या पडल्या मोठ्याने वाचते. एक प्रकरण झालं की पुस्तक मिटायचं आणि त्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं. ही काही माझी आयडिया नाही, शार्लट मेसन नावाच्या इंग्रज बाईंची पद्धत आहे, बाई १९२३ साली वारल्या. लहान मुलांचा धडा १५-२० मिनिटांच्या पुढे ताणू नका हेही त्यांचंच, माझ्यासारखीला ते फारच सोयीचं पडतं. गणित तोंडी, तेवढंच. शिवाय कपाटात एक खोका आहे, त्यातली कोडी आणि खेळ एरवी बाहेर काढायचे नाहीत, तो चांगल्या आठवड्यात भरून ठेवायचा, कारण पडल्यावर काही सुचत नाही. आणि टाइमटेबल बंद. त्याऐवजी रात्री वहीत लिहायचं की आज काय काय झालं. त्या दिवशी लिहिलं होतं 'लांबी, अपूर्णांक, भांडण'.

आणि प्लीज, राहिलेलं भरून काढायला रविवारी डबल अभ्यास लावू नका गं! त्याने पुढचा आठवडापण आडवाच जातो.

हां, आठवड्याचे महिने व्हायला लागले तर मात्र अंगावर काढू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या, आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही कशातच मन लागत नसेल तर डॉक्टरांना तेही स्पष्ट सांगा. आपण मुलांचं दुखणं लगेच धरतो आणि स्वतःचं आळस म्हणून सोडून देतो.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. खोली मोजली त्या दिवशी संध्याकाळी बाबा ऑफिसमधून आला तर त्याला बूटपण काढू न देता जमिनीवर आडवं केलं होतं दोघांनी. सव्वादोन बाबा. धाकटा बराच वेळ फुगून बसला, मग मुकाट्याने स्वतःच आडवा झाला आणि म्हणाला आता मला मोजा, माझा आकडा सगळ्यात मोठा येणार. पोरगं अजून शाळेच्या वयाचं धड झालेलं नाही!

बरं, आता एक खरा प्रश्न. लेक स्वतः वाचत बसते पण धाकट्याला अजून वाचता येत नाही, आणि माझा घसाही बसलाय. ऐकण्यासारख्या गोष्टी, एकट्याने करता येतील असे उद्योग, तुमच्याकडे जे चालतं ते खाली लिहा. रंगीत टाइमटेबलचे फोटो टाकू नका, ब्लॉक करीन.