आधी उभं राहायला शिका

मोठेपणी पोहायला शिकण्यावरच्या एका लेखात ‘भीती गेली की पाण्यात उतरा’ असा सल्ला वाचला. तो उलटा आहे हो. भीती पाण्यात उतरल्यावरच जाते, तीही इंचाइंचाने. आपल्या बडोद्यात विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे नदीवर पोहायला शिकायचा प्रश्नच नाही. मोठ्यांना तरणतलावच गाठावा लागतो. एप्रिल-मेमध्ये तिथे मुलांची झुंबड उडते, म्हणून मार्चमध्येच सुरू करा.

पहिले 3-4 दिवस पोहायचंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात कठड्याची दांडी धरा, तोंड बुडवा, नाकाने सावकाश बुडबुडे सोडा. 10 वेळा. श्वास कोंडून धरला की छाती भरून येते आणि जीव घाबरतो; बहुतेक जण इथेच सोडून देतात.

तरंगताना नजर तळाच्या फरशीवर. डोकं वर काढलं की पाय खाली जाणारच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे शिकवणारेही घाईत गाळतात: तरंगण्यातून उभं राहणं. गुडघे पोटाशी घ्या, तळहातांनी पाणी खाली दाबा, पाय टेकले की मगच डोकं उचला. खरी धास्ती बुडण्यापेक्षा ‘उभा कसा राहू?’ याचीच असते. सोबत मात्र जीवरक्षक हवाच.