फेरीवाले उठवले म्हणून शहर सुधारत नाही

‘आफ्रिकेतली शहरं फेरीवाल्यांनी बकाल केली. बेकायदा बसतात, कर बुडवतात, गुन्हेगारी पोसतात. एकदा धडक मोहीम काढा, शहर सुधारेल,’ हे मत सर्रास मांडलं जातं. मला ते चुकीचं आणि क्रूर वाटतं.

बेकायदा? ऑक्टोबर २०१३ मध्ये जोहान्सबर्ग महापालिकेने ‘ऑपरेशन क्लीन स्वीप’मध्ये हजारो विक्रेते उठवले. त्यांत पालिकेची परवानगी असलेलेही होते. आधी सगळ्यांना हुसकावलं, कागद तपासायचं नंतर! ५ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने त्यांना पुन्हा बसू दिलं. कमावून कुटुंब पोसता येणं हा मानवी प्रतिष्ठेचा भाग आहे, असं पुढे सविस्तर निकालात म्हटलं.

कर? घानाच्या राजधानीत, अक्रात, पालिकेची माणसं पथारीपाशी येऊन रोजचा टोल वसूल करतात. शिवाय घाऊक दुकानातून माल घेताना भरलेला व्हॅट नोंदणी नसलेल्या विक्रेत्याला परत मिळत नाही.

गुन्हेगारीचं म्हणाल तर डर्बनचं वॉर्विक जंक्शन बघा. रेल्वे, बस, टॅक्सी सगळं तिथे एकत्र येतं. तिथल्या विक्रेत्यांनी चोऱ्यामाऱ्या रोखायला ‘ट्रेडर्स अगेन्स्ट क्राइम’ ही संघटना उभी केली. पदपथावर गर्दी होते, चालणाऱ्याला त्रास होतो, हे मात्र खरं आहे. त्यावर डर्बनने काय केलं? अर्धवट सोडलेल्या उड्डाणपुलावर जडीबुटीवाल्यांचा बाजार वसवला. आधी पदपथावर, उन्हापावसात बसणाऱ्या बायांना हक्काची जागा मिळाली आणि खालचा रस्ताही मोकळा झाला.

‘मग मॉल बांधा’ हाही सल्ला असतोच. २००९ मध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर, वॉर्विकमधला अर्ली मॉर्निंग मार्केट पाडून मॉल उभारायचं घाटत होतं. गिरमिटिया (करारबद्ध मजूर) म्हणून डर्बनच्या नाताळ प्रांतात गेलेल्या भारतीयांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या भाजीपाल्यावर उभा राहिलेला हा जुना बाजार. विक्रेते रस्त्यावर उतरले, कोर्टात गेले आणि बेत बारगळला. गाडी पकडायला धावणारं गिऱ्हाईक वाटेवरच जुडी उचलतं. त्यासाठी ते मॉलचा जिना चढणार नाही.

राहिली धडक मोहीम. २००५ मध्ये झिम्बाब्वेने ती देशभर काढली: ‘मुरांबात्स्विना’, म्हणजे घाण हटवा. संयुक्त राष्ट्रांच्या दूत ॲना तिबाइजुका यांच्या अहवालानुसार सुमारे ७ लाख लोकांचं घर, रोजगार किंवा दोन्ही गेलं. पोट तर तेवढंच राहिलं, म्हणून माणसं पुन्हा त्याच रस्त्यांवर टोमॅटो मांडून बसली.