चेरोकींना टोपल्या बुरडांनी शिकवल्या नाहीत

‘बांबू मुळात भारतातला, म्हणून अमेरिकेतल्या चेरोकी आदिवासींना टोपल्या विणायला आपल्या बुरडांनीच शिकवलं. त्यांच्या टोपल्या नुसत्या शोभेच्या होत्या आणि आळसामुळे ती कला बुडाली.’ हा मेसेज काल माझ्या मामांनीही मोठ्या अभिमानाने पाठवला. आता गप्प बसवत नाही.

चेरोकी ज्यापासून विणतात तो रिव्हरकेन हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नदीकाठी वाढणारा तिथलाच बांबू. तो कुणी जहाजातून नेलेला नाही. बायका तो उभा चिरून, आतून खरवडून पातळ कामट्या काढतात आणि काळ्या अक्रोडाच्या मुळांनी वगैरे रंगवतात. त्यांची दुहेरी वीण तर थक्क करणारी: आतली टोपली तळापासून काठापर्यंत विणायची, मग त्याच कामट्या काठावर वाकवून बाहेरची टोपली खाली विणत न्यायची. अशी एक झाकणाची टोपली ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर फ्रान्सिस निकोल्सन यांच्याकडून ती १७२०च्या दशकात हान्स स्लोन यांच्या संग्रहात गेली; त्याच संग्रहातून पुढे हे म्युझियम उभं राहिलं. एवढी सफाई पिढ्यान्‌पिढ्या हात बसल्याशिवाय येत नाही. त्याआधी तिथे कुठले बुरूड पोचले होते, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आशियातली एक वनस्पती त्यांच्या टोपल्यांत आहे, एवढं मान्य करावं लागेल: जपानी हनीसकलचा वेल. पण तो अमेरिकेत आला १९व्या शतकात.

‘शोभेच्या’ म्हणे! राखेच्या पाण्यात भिजवलेला मका धुवायला रोवळीसारखी टोपली, कुटलेलं पीठ चाळायला चाळण, पाठीवर ओझं न्यायला वेगळी, धान्य ठेवायला वेगळी. पुढे पर्यटकांना विकून घरं चालली हे खरं, पण ते नंतर.

आणि आळस? १८३८-३९मध्ये अमेरिकी सरकारने बहुतेक चेरोकींना बंदुकीच्या धाकाने ओक्लाहोमाकडे हाकललं. वाटेत सुमारे ४,००० माणसं मेली असं मानलं जातं. नव्या मुलखात रिव्हरकेन दुर्मीळ, म्हणून तिथल्या बायकांनी बकब्रश नावाच्या झुडपाच्या काड्या हाती घेतल्या. इकडे जुन्या मुलखातली वेळूची बनं शेतीसाठी तोडली गेली. आज २ टक्केही उरलेली नाहीत. नॉर्थ कॅरोलिनात मागे राहिलेल्या चेरोकींमध्ये दुहेरी वीण जवळजवळ विसरली गेली होती. १९४०च्या दशकात लॉटी स्टॅम्पर या शिक्षिकेने लंडनमधल्या त्याच टोपलीचा फोटो पाहून ती पुन्हा जमवली आणि चेरोकी मुलींना शिकवली.