न्यायाधीश हंगामी, थकबाकी मात्र कायमची?

निवृत्त न्यायाधीशांना पुन्हा उच्च न्यायालयात बोलावण्याचं कलम 224अ घटनेत आलं 1963 साली. मोबदला? राष्ट्रपती आदेशाने ठरवतील ते भत्ते. बस्स! आकडा नाही, सूत्र नाही. सूत्र सर्वोच्च न्यायालयानेच 2021 मध्ये सांगितलं: कायम न्यायाधीशाइतकं वेतन आणि भत्ते, त्यातून पेन्शन वजा, खर्च संचित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून. तब्बल 58 वर्षं लागली एवढ्याला?

आणि या न्यायाधीशांच्या प्रवासभत्त्याचं सरकारी बिल! तिकीट जोडलं, बोर्डिंग पास राहिला? बिल परत. आदेशातली तारीख नि प्रवासाची तारीख जुळली नाही? हरकत. एक सही राहिली? पुन्हा पहिल्यापासून. अहो, तुंबलेली अपिलं निकाली काढायला माणूस बोलावलाय ना? मग प्रवास मंजूर करतानाच आगाऊ रक्कम द्या की!