‘तीच ती काळी पूड’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

प्लास्टिकमध्ये कार्बनच्या नॅनोट्यूब मिसळून ते वीजवाहक करण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “नॅनो-बिनो काही नाही, चाळीस वर्षं लोक प्लास्टिकमध्ये काळी पूड घालताहेत, तीच ही. ओहमचा आकडा अर्धवट. दर आणि धुळीचा धोका सोयीने गाळलाय. पुस्तकं वाचून लिहिणाऱ्यांनी एकदा मशीनवर उभं राहावं.”

ओहमचं बरोबर आहे. लेखातला दहा लाख ओहमचा आकडा हा पृष्ठभागाचा रोध होता, तसं लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

शेवटचं वाक्य मात्र लागलं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी एकवीस वर्षं इंजेक्शन मोल्डिंगवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू काढायच्या मशीनवर, काढली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. हॉपरमध्ये दाणे ओतण्यापासून सुरुवात केली. चूक दाखवायला माझी ना नाही, पण ज्याला ओळखत नाही त्याच्या कामावर असं बोलायची ही कुठली रीत?

आता काळी पूड. ती म्हणजे कार्बन ब्लॅक, बारीक गोल कणांचे झुबके. नॅनोट्यूब म्हणजे कार्बनचीच, साधारण 10 नॅनोमीटर जाडीची, पण मायक्रॉनभर (हजार नॅनोमीटर) किंवा त्याहून लांब नळी. परातीत मोहरी पसरून पाहा. या काठापासून त्या काठापर्यंत दाण्याला दाणा लागायचा तर बरीच मोहरी ओतावी लागते. खराट्याच्या काड्या विस्कटून टाका, मूठभर काड्यांत सांधा जुळतो. प्लास्टिकमध्ये तर टेकायचीही गरज नाही, एखाद-दोन नॅनोमीटरची फट इलेक्ट्रॉन ओलांडून जातो. विजेला सलग वाट जुळेपर्यंत पूड वाढवली तरी फार काही घडत नाही. जुळली की रोध एकदम लाखो पटींनी कोसळतो. साध्या कार्बन ब्लॅकला त्यासाठी वजनाने 15-20 टक्के लागतात, नॅनोट्यूब नीट मिसळल्या तर 1 ते 3 टक्क्यांत काम होतं. भरपूर फांद्यांचं खास कार्बन ब्लॅक कमी लागतं, हे मलाही ठाऊक आहे. आणि चाळीस वर्षं म्हणता, तर या नळ्यांकडे जगाचं लक्ष गेलं ते जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांच्या 1991 च्या निबंधानंतर.

एवढ्या टक्क्यांनी काय होतं ते मी हाताने पाहिलंय. सर्किट बोर्ड ठेवायच्या ट्रेचं काम होतं. डिसेंबरातली नाशिकची कोरडी हवा, ट्रेवर ट्रे घासला की चटका बसायचा, बोर्डावरच्या चिप जायच्या. आम्ही 18 टक्के कार्बन ब्लॅकचा माल चालवला. रोध छान आला. पण वितळलेला माल इतका दाट की साच्याचे कोपरे भरेनात, भरले तर ट्रे पडताच तुटायचे, आणि पॅकिंगच्या बायकांचे पांढरे हातमोजे तासाभरात काळे.

मग 3 टक्के नॅनोट्यूबचं पॉलिकार्बोनेट घेतलं. पहिले ट्रे मीटरवर साफ नापास! माल चांगला होता, आमचा इंजेक्शनचा वेग जास्त होता. जोरात ढकललं की नळ्या प्रवाहाच्या दिशेने एका रांगेत आडव्या होतात, एकमेकींना भेटत नाहीत, आणि ट्रेच्या वरच्या सालीतच वाट तुटते. वेग उतरवला, बॅरल (दाणे वितळतात तो नळा) आणि साचा थोडा गरम ठेवला, पहाटेपर्यंत रोध जागेवर आला. कार्बन ब्लॅकच्या मालात नुसत्या वेगाने इतका फरक पडलेला मी कधी पाहिला नव्हता. ‘तीच ही’ म्हणताना हे तुम्ही कुठे बसवता?

दराचं म्हणाल तर किलोचा भाव किलोशी लावून काही कळत नाही, टक्के बघा. धुळीचं म्हणाल तर मास्टरबॅचमध्ये, म्हणजे आधीच पूड मिसळून आणलेल्या दाण्यांत, नळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेल्या असतात, सुटी पूड मी शॉपमध्ये येऊच दिली नाही. यावर इथे वाढवत नाही.

कोपरा तुटलेला तो ट्रे आणि नंतरचा ट्रे, दोन्ही माझ्या कपाटात आहेत. अंबडला या, मीटर घेऊन या. आणि पुढच्या वेळी नाव लिहा.