टॉपरने गादीचा खड्डा बुजत नाही

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर साधारण असा: रात्री झोप लागत नसेल आणि सकाळी अंग आंबलेलं असेल, तर दोष गादीचा. नव्या गादीवर वीस-तीस हजार घालवू नका, जुनीवरच मेमरी फोमचा टॉपर टाका. हा फोम नासाने अंतराळवीरांच्या झोपेसाठी बनवलाय. जितका जाड तितका बरा. जुन्या गादीचा खड्डाही भरून निघतो. जेलवाला घेतला तर उकडत नाही. ‘ऑर्थोपेडिक’ लिहिलेलं बघून घ्या. आणि शेवटी, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे सिद्ध झालंय!

टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा वेगळा थर, आणि मेमरी फोम म्हणजे अंगाच्या भाराने व उबेने दबून त्याचा आकार घेणारा फोम. प्रत्येकाला नवी गादी लागत नाही, एवढं यातलं मान्य. बाकीचं एकेक बघू.

नासाचं नाव खोटं नाही. १९६६ साली नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी काम करताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने असा फोम तयार केला. पण तो विमानातल्या आसनांसाठी होता. आदळआपट झाली तर बसलेल्याला धक्का कमी बसावा आणि लांबच्या प्रवासात बसणं सुसह्य व्हावं म्हणून. घरातल्या गाद्यांत तो १९९०च्या दशकात, एका स्वीडिश कंपनीच्या मालातून रुळला. आणि अंतराळवीर गादीवर झोपतील तरी कसे? तिथे शरीराचा भार खाली पडतच नाही. ते भिंतीला बांधलेल्या स्लीपिंग बॅगेत शिरून झोपतात.

लॅन्सेटचा अभ्यासही खरा आहे, म्हणून तो जरा नीट बघायला हवा. २००३ साली फ्रान्सिस्को कोवाक्स आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. स्पेनमधल्या ३१३ प्रौढांना, ज्यांची कंबर बरेच दिवस दुखत होती आणि त्यामागे ठोस आजार सापडलेला नव्हता, दोन गटांत विभागलं. एका गटाला कडक गादी दिली, दुसऱ्याला मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांना अंथरुणात पडल्यावर आणि सकाळी उठताना कमी दुखत होतं, हालचालीही जास्त सुधारल्या होत्या. यात टॉपर कुठेही नाही, आणि ही माणसं कंबरदुखीची होती, निद्रानाशाची नव्हती. या अभ्यासाने काही मोडीत काढलं असेल तर ते आपल्याकडचं जुनं पालुपद: ‘कंबर दुखते? फळीवर झोप.’ कडक तेवढं औषधी, हे त्यातून टिकत नाही. टॉपर घेतला की झोप लागेल, हेही त्यातून निघत नाही.

आता खड्डा. टॉपर घेणाऱ्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. फोम मऊ असतो म्हणजेच तो खालच्या पृष्ठभागाचा आकार घेतो. झोपलेल्या माणसाचा सर्वांत जड भाग कमरेखालचा, आणि जुन्या गादीला खड्डा पडलेला असतो तोही नेमका तिथेच. वर दोन इंच फोम घातला की पहिले काही दिवस बरं वाटतं. मग फोम दबतो, खड्ड्यात उतरतो, आणि कंबर पुन्हा पहिल्या जागी. मणक्याला बाक तेवढाच राहतो.

खड्डा आहे की नाही ते घरीच कळतं. चादर काढा, झाडूचा किंवा पोछ्याचा सरळ दांडा गादीवर आडवा ठेवा आणि मध्ये किती फट दिसते ते बघा. माणूस झोपलेला नसताना दांड्याखालून मूठ सहज जात असेल, तर त्या गादीवर टॉपर घालू नका. तीच तपासणी गादी उचलून खालच्या प्लायवूडचीही करा. सामान ठेवायच्या बॉक्सवाल्या पलंगाचं प्लाय मध्ये वाकलेलं असतं आणि बोल गादीला लागतात. शंका असेल तर दोन-तीन रात्री गादी जमिनीवर टाकून झोपा.

कापसाची गादी असेल तर उपाय जुनाच आहे: खोळ उसवून कापूस पिंजून घ्यायचा आणि पुन्हा भरून टाके घालून घ्यायचे. खांद्यावर धनुकली घेऊन दारावर येणारा पिंजारी शहरात आता क्वचित दिसतो, पण यंत्रावर पिंजून देणारी दुकानं अजून आहेत. गाठी झालेल्या गादीला यातून जे मिळतं ते कुठल्याही टॉपरमधून मिळत नाही. काथ्याच्या गादीला ही सोय नाही. ती पालथी घालायची, उशाकडची बाजू पायथ्याशी फिरवायची, एवढंच. काथ्या एकदा मोडला की मोडला.

‘जितका जाड तितका बरा’ हे विकणाऱ्याच्या सोयीचं वाक्य. बहुतेकांना दोन इंच पुरतात. चार इंच मऊ फोमवर माणूस रुततो, कूस बदलायला जोर लावावा लागतो, आणि गुडघ्याचं दुखणं असलेल्या आजीला पलंगावरून उठताना हात द्यायला कुणीतरी लागतं. त्यात पलंगाची उंची वाढते, तिचे पाय जमिनीला टेकेनासे होतात. जाडीपेक्षा विचारायची गोष्ट म्हणजे डेन्सिटी, एका घनमीटरमध्ये किती किलो फोम आहे ते. मेमरी फोम ५० च्या आसपास किंवा वर असेल तर टिकण्याची शक्यता बरी. त्याहून बराच हलका असेल तर लवकर चेपतो. हा आकडा पाकिटावर नसेल आणि विचारूनही मिळत नसेल, तर वस्तू तिथेच ठेवून द्यावी. तान्ह्या बाळाला मात्र कुठल्याही जाडीच्या टॉपरवर झोपवू नये. त्याला घट्ट, सपाट पृष्ठभागच हवा. मऊ फोममध्ये तोंड रुतून श्वास कोंडू शकतो.

जेलबद्दल थोडक्यात. दुकानात हात लावला की गार लागतं, कारण जेल हाताची उष्णता पटकन ओढून घेतं. पण रात्रभर त्यावर पडून राहिल्यावर ती उष्णता जाणार कुठे? काही वेळात तेही अंगाइतकं तापतं. मेमरी फोमचा स्वभावच तापमानावर चालतो: थंडीत तो कडक होतो, उकाड्यात जास्त मऊ पडतो आणि अंगाला चारही बाजूंनी बिलगतो. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरत असतं, त्याच्याच हे आड येतं. नाशिकच्या डिसेंबरात चालेल. अकोल्याच्या मे महिन्यात, रात्री वीज गेल्यावर, त्या टॉपरवर झोपून बघा म्हणजे झालं. उकाड्याच्या गावी नैसर्गिक लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, किंवा सरळ कापूस बरा. लेटेक्स महाग आणि उचलायला जड, पण त्यात वारा खेळतो आणि माणूस रुतत नाही.

‘ऑर्थोपेडिक’ हा गादीचा वैद्यकीय दर्जा नाही, विक्रीचा शब्द आहे. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

राहता राहिला पहिला दावा: झोप लागत नाही म्हणजे दोष गादीचा. मला सगळ्यात घातक वाटतो तो हाच, कारण त्यापायी खरं कारण वर्षानुवर्षं तसंच राहतं. पडल्यावर दोन-दोन तास डोळा लागत नाही, डोक्यात हिशेब चालू राहतात, हे फोमने थांबत नाही. दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने गोळ्यांच्याही आधी सीबीटी-आय ही वर्तनोपचार पद्धत सुचवली. रोज ठरल्या वेळी उठायचं, झोप येत नसेल तर अंथरुणात लोळत न राहता उठून दुसरीकडे बसायचं, अंथरुणातला एकूण वेळच आधी कमी करायचा, असं त्यात असतं. घरचे म्हणत असतील की हा घोरता घोरता मध्येच श्वास थांबवतो, आणि दिवसा पेपर वाचतानाही डुलकी लागत असेल, तर डॉक्टरांना विचारून झोपेची तपासणी करून घ्यावी. रात्री पाय शिवशिवतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, अशांनी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण, बघावं. लोह कमी असणं हे त्यामागचं एक नेहमीचं कारण. आणि चहा! कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकराला निम्मा अंगात असतो.

गादीचा दोष ओळखायची खूण वेगळी. झोप लागते, पण पहाटे खांदा किंवा कंबर दुखून मोडते; उठून तासभर हिंडल्यावर दुखणं उतरतं; आणि बहिणीकडे किंवा गावी दुसऱ्या अंथरुणावर झोपलं की त्रास होत नाही. असं असेल, गादी सपाट पण दगडासारखी असेल, काथ्याची आणि खाली प्लाय, आणि तुम्ही कुशीवर झोपणारे असाल, तर टॉपरचा उपयोग होतो. कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा भार खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतो. तिथे दोन इंचांनी दाब पसरतो, मुंग्या येणं कमी होतं. पालथं झोपणाऱ्याचं पोट मात्र मऊ टॉपरवर आणखी खाली जातं आणि कंबर जास्त धरते.

पैसे मोजायच्या आधी घरातली जाड गोधडी चौपदरी करून खांद्यापासून खुब्यापर्यंत पसरा, वर चादर घाला, आणि आठवडाभर तसं झोपा. गोधडी फोमसारखी दबत नाही, तरी मऊपणाने फरक पडतो का एवढं तिच्यावर कळतं. पडला, तर दोन इंची टॉपर घ्यायला हरकत नाही. ऑनलाइन मागवताना नाव नीट वाचा. ‘प्रोटेक्टर’ म्हणजे डाग पडू नये म्हणून घालायची नुसती खोळ, तिने गादी मऊ होत नाही. काही कंपन्या गादी महिना-तीन महिने वापरून परत घेतात. तीच सवलत टॉपरला असेलच असं नाही, तेही आधी विचारून घ्या.